अण्णा, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या

अण्णा,

आधीच सांगते, अक्षराकडं आणि शुद्धलेखनाकडं बघू नका. चौथी पास झाले त्याला पस्तीस वर्षं होत आली. त्यानंतर सही सोडली तर कागदावर फारसं काही लिहिलेलं नाही. तुम्ही म्हणाल, रोज एवढ्या भांड्यांवर नावं घालतेस आणि अक्षराची माफी मागतेस? पण ते वेगळं, अण्णा. तिथं तुम्ही चिठ्ठीवर लिहून द्यायचात आणि मी ते रांगोळीसारखं बघून बघून काढायची. इथं समोर चिठ्ठी नाही. वेलांटी पहिली का दुसरी ते विचारायचं तर कुणाला? पोरीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. तुम्ही कधी जन्मलात, दुकान कधी काढलं, ते सगळं दहाव्याच्या दिवशी लोकांनी माईकवर सांगितलं. मला ते लिहायचं नाही. मला जे सांगायचं आहे ते माईकवर सांगता आलं नाही, म्हणून ही वही.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तो दिवस मला आठवतो. आमचे हे तेव्हा तुमच्या दुकानात छिन्नी-हातोडीनं भांड्यांवर नावं घालायचे. हायवेला गाडी घसरली आणि यांच्या मनगटात रॉड बसवावा लागला. छिन्नी धरवेना. तुम्ही खाटेजवळ बसलात, चहा घेतला आणि म्हणालात, "भानुदास, नावं घालायचं इजेचं मशीन आनलंय दुकानात. तुला जमायचं न्हाई, हात थरथरतो. हिला पाठव."

मी दाराआड होते. मी यांना म्हणाले, "त्यांना सांगा, मला नाही यायचं." तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होतात. तुम्हीपण यांनाच म्हणालात, "तिला सांग, दिवाळीत दुकानाम्होरं तिनंच रांगोळी काढली हुती. रेघ कुठं हालली न्हवती." असं आपलं पहिलं बोलणं झालं, मधे यांना ठेवून. यांचं डोकं इकडून तिकडं वळत होतं.

पहिले आठ दिवस तुम्ही मला पोचे आलेली झाकणं गिरवायला दिलीत. मग ताटं, मग तांबे, शेवटी हंडा. हंड्याच्या पोटावर सरळ ओळ आली त्या दिवशी तुम्ही तो उचलून रस्त्यावर नेलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलात. मी आत भांड्यांमागं तोंड लपवून बसले. तुम्हाला वाटायचं मी पुढं गल्ल्याजवळ बसावं, गिऱ्हाइकाशी बोलावं. "अगं, भांडंसुदिक मानूस वाजवून घेतो. तू जरा वाज की!" मी नाही म्हणायची, तुम्ही दुसऱ्या दिवशी परत म्हणायचात. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही.

बाजारच्या दिवशी तुमचं दुकान म्हणजे बायांचं माहेर. वाड्यावस्त्यांवरच्या बाया येऊन पिशव्या ठेवायच्या, चपला ठेवायच्या, आणि निजलेली पोरंही ठेवून जायच्या. एका गिऱ्हाइकाला मोठी पितळी परात हवी होती. तुम्ही म्हणालात, "तीनला या. आत्ता तिच्यात मानूस निजलंय." त्या माणसाला खोटं वाटलं. त्यानं आत डोकावून बघितलं तर सहा महिन्यांची पोर परातीत मस्त पाय पसरून झोपलेली. तो खरंच तीनला आला. ऐंशी रुपये कमी करून मागत होता, "वापरलेली हाय" म्हणून.

घरातही तुम्ही असेच. धाकटे भाऊ गेल्यावर त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं आधी केलीत, मग आपल्या मुलीचं. मुलीची आई म्हणून माई त्यावरून वर्षभर धुसफुसत होत्या. दीड वाजला की काहीही असो, तुम्ही उठायचात, कारण तुमच्या आई तुमच्याशिवाय पहिला घास घेत नसत. आई गेल्यानंतरसुद्धा कितीतरी दिवस दीडला उठायचात, दारापर्यंत जायचात आणि चप्पल न घालता परत येऊन बसायचात. मी बघायची. बोलायची नाही.

गावात गरिबाघरचं लग्न ठरलं की तुम्ही हंडा-कळशी काढून ठेवायचात. मी मशीन हातात घेऊन चिठ्ठीसाठी तुमच्याकडं बघायची. "काई घालू नगं. तिला त्यात पानी भरायचंय, माझं नाव वाचायचं न्हाई." दुसऱ्यांची नावं घालून पोट भरणारे आपण, आणि तुम्हाला स्वतःचं एकदाही घालावंसं वाटलं नाही. मला त्याचा थोडा रागच यायचा. एकदा तरी घालू द्यायचं होतं.

आता मुद्द्याचं लिहिते.

नऊ वर्षांपूर्वीची लगीनसराई. आपल्यापुढं दोन ढीग होते. एक ढीग कर्जतकडच्या एका मामानं भाचीच्या लग्नाला द्यायला घेतलेल्या संसाराच्या भांड्यांचा. त्यावर 'मामाकडून सप्रेम भेट' घालायचं होतं. दुसऱ्या ढिगातली ताटं, तांबे, पातेली देवळाला द्यायची होती. ती गावातल्या दोन भावांनी वडलांच्या नावानं घेतली होती, म्हणून त्यांवर 'कै.' घालून वडलांचं नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ'. तुम्ही दोन्ही ढिगांवर चिठ्ठ्या बरोबर ठेवून गेला होतात. मी झाडू मारायला त्या उचलल्या आणि परत ठेवताना उलट्या ठेवल्या.

चूक एवढीच असती तर माझं मन मला इतकं खात नसतं. खरं पुढं आहे. चार-पाच ताटं झाल्यावर हातात चहाची गाळणी आली, मग मसाल्याचा डबा, मग हळदीकुंकवाचा करंडा. माझा हात थांबला. देवळाला करंडा कशाला? विचारायला पाहिजे होतं. पण तुमच्यापुढं चार पुरुष बसले होते, उसाच्या बिलावर मोठ्यानं बोलत होते. त्यांच्यातून वाट काढत पुढं जायचं, सगळ्यांनी माझ्याकडं बघायचं, हे मला होईना. मी मनाला समजावलं की आजोबांच्या नावानं कुणी नातीला देत असेल, देतातही तसं. आणि मी घालत गेले. लग्नाच्या करंड्यावरसुद्धा 'कै.' घातलं, अण्णा. वळणदार.

मामा टेम्पो घेऊन आले. त्यांनी सगळ्यात आधी करंडाच उचलला.

"ओ अण्णा! ह्ये काय म्हनायचं? माझ्या भाचीचं लगीन हाय का दहावं?"

तुम्ही करंडा हातात घेतलात, वाचलात आणि माझ्याकडं एकदा बघितलंत. एकदाच. माझ्या हातातलं मशीन नुसतं हवेत गुरगुरत होतं.

"माझी चूक हाय, पाव्हनं," तुम्ही म्हणालात. "चिठ्ठ्या मीच उलट्या ठेवल्या. चष्मा न्हवता."

"चष्मा तर कपाळावर हाय की तुमच्या!"

"तेच म्हनतो ना. डोळ्यावर न्हवता."

त्या चौघांतला एक फिसकन हसला. मामा हसले नाहीत. "परवा हळद हाय. नवऱ्याकडच्या बाया रुखवताला आल्या आन त्यांनी ह्ये वाचलं तर पोरीला काय तोंड दाखवू मी?"

"टेम्पोवाल्याला च्या पाजा, तुमी माझ्या घरी जेवून या. तीन तासांत समदं नवं घेऊन जा."

तुम्ही मांडणीवरून पहिल्यापासून दुसरा संसार उतरवलात. माझ्याशेजारी खाली बसलात. एकेक भांडं पुसून माझ्या हातात द्यायचात, झालं की घ्यायचात आणि "फुडचं" म्हणायचात. तीन तासांत तुम्ही 'फुडचं' सोडून दुसरा शब्द बोलला नाहीत. टेम्पो गेल्यावर मला रडू फुटलं, तेव्हा म्हणालात, "बाजूला तोंड करून रड. ताटावर डाग पडत्यात."

चुकीचं नाव पडलेली सगळी भांडी तुम्ही त्या दोन भावांच्या वडलांच्या नावानंच देवळाला देऊन टाकलीत, आपल्या खिशातून. ते भाऊ खूश झाले. देवळाजवळ आता गाळणी आहे आणि सप्त्यात तिनं चहा गाळतात. करंड्यात पुजारी कापूर ठेवतो.

त्या दिवसापासून गावानं तुम्हाला 'कैलासवासी शेठ' केलं. हॉटेलवरून कुणीतरी ओरडायचं, "अण्णा, लेकीला ताटं घ्यायचीत, पन आधी चष्मा लावा. जावई जित्ता पायजे मला!" आणि तुम्ही इकडून, "जावयाचा भरवसा तुजा, ताटाचा माजा!" सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. मी आत मशीन चालू करायची, भांडं नसलं तरी.

एकदा दुकानात कुणी नव्हतं तेव्हा धीर करून म्हणाले होते, "अण्णा, त्यांना सांगा ना, ती मी होते म्हणून."

"तू सांग की. तोंड तुला बी दिलंय देवानं."

"मला नाही जमत."

"मग जमंल तवा सांग. मला कुठं घाई हाय?"

खरंच तुम्हाला घाई नव्हती. उशीर मी केला, अण्णा. नऊ वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या चुकीवर हसू करून घेत राहिलात आणि मी मान खाली घालून नावं घालत राहिले. मजुरी घ्यायची, दिवाळीची साडी घ्यायची, पण हे एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

तोंडानं फिटत नव्हतं, म्हणून मी पैशानं फेडायला निघाले. त्या संसाराची किंमत आठ हजार चारशे, चिठ्ठीवरच होती. मजुरीतून कापा म्हटलं, तर म्हणालात, "चुकायचा दर मी अजून ठरवलेला न्हाई. ठरला की सांगतो." मग मी माझी रीत काढली. तुम्ही दीडला जेवायला गेलात की गल्ल्यात शंभराची नोट सरकवून ठेवायची, महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. मला वाटलं कळणार नाही. तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. "परकाश," तुम्ही मुलाला म्हणालात, माझ्याकडं न बघता, "आपल्या गल्ल्यात उंदीर लागलाय. लोकांचं उंदीर नेत्यात, ह्यो आनून ठेवतोय."

त्या आठवड्याच्या माझ्या मजुरीत शंभर जास्त आले. "नावं जास्त झाली," म्हणालात. मी परत गल्ल्यात टाकले. तुम्ही संक्रांतीला वाणाच्या पुडीत घालून परत केलेत. पोरगी बारावी झाली तेव्हा तिला पाकिटात हजार दिलेत. ते तिचे होते, म्हणून मी राहू दिले, पण पुढं दहा वेळा शंभर टाकले. मग दुकानात ते चौकोनी चित्र लागलं, लोक मोबाईलवरून पैसे द्यायला लागले आणि गल्ला ओस पडला. माझी नोट त्यात एकटीच पडलेली दिसायची. तुम्ही गल्ला उघडून तिला म्हणायचात, "आलीस का बाई?"

या सगळ्या ओढाताणीत तुमच्याकडं टिकले बावन्नशे. बत्तीसशे राहिले, आणि तुम्ही गेलात.

दहाव्याला ओढ्याकाठी मांडव घातला होता. माणसं मावत नव्हती. सरपंच बोलले, शाळेचे गुरुजी बोलले, आणि मग एकानं ती गोष्ट काढली. "आमचे अण्णा इतके भोळे, एकदा चष्मा कपाळावर ठेवून लग्नाच्या भांड्यांवर कैलासवासी घातलं..." सगळा मांडव हसला. रडता रडता हसला. माईसुद्धा हसल्या. माईकवाला म्हणाला, "आनखी कुनाला दोन शब्द बोलायचेत का?"

मी उठले, अण्णा. खरंच उठले. पण शेजारच्या बाईला वाटलं मला बाहेर जायचं आहे. तिनं पाय आखडून वाट दिली, पुढचीनंही दिली, त्यापुढचीनंही. सगळ्यांनी वाट दिल्यावर मला जावंच लागलं. मांडवाबाहेर उन्हात उभी राहून मी माझ्याच कपाळावर हात मारला.

पण त्याच दुपारी तुमच्या घरी गेले. माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुमची मुलगी आणि शेजारच्या दोघी होत्या. मी पदराची गाठ सोडली, पैसे पुढं ठेवले आणि म्हणाले, "माई, ती चूक अण्णांची नव्हती. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. संशय आला होता तरी विचारलं नाही. त्यांनी माझं नाव झाकलं. त्या भांड्यांचे बत्तीसशे माझ्याकडून द्यायचे राहिलेत."

माईंनी पैसे बाजूला सरकवले. मग म्हणाल्या, "म्हंजी चष्मा?"

"चष्म्याचा काही संबंध नव्हता, माई. चिठ्ठ्या लिहिताना तो त्यांच्या डोळ्यावरच होता."

"अगं, पन मी त्याच दिशी करगोट्याची काळी दोरी आनून त्यांच्या चष्म्याला बांधली! नऊ वर्षं! गळ्याला खाजतीया म्हनून रोज कुरकुर करायचं. मी म्हनायची, न्हाई, गळ्यातच ऱ्हाऊ द्या, परत कुनाच्या लग्नात घान कराल. एक दिवस, एक दिवस म्हनलं न्हाई ह्या मानसानं, का चूक माझी न्हवती!"

ती दोरी मी रोज बघत होते. मला वाटायचं वयामुळं बांधली असेल. ती माझ्यामुळं तुमच्या गळ्यात होती हे मला त्या दुपारी कळलं. माई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना असा हुंदका आला की मुलगी पाणी आणायला धावली. मला वाटलं आता त्या मला जा म्हणतील. त्यांनी माझा हात धरला. "मलाबी सांगितलं न्हाई बघ," म्हणाल्या. "बायकुला तरी सांगावं का न्हाई?"

पैसे त्यांनी माझ्या पदरात परत बांधले. "दुखवट्यात घेनं-देनं नगं. दुकान उघडू दे."

शेजारच्या दोघी तिथं होत्या, त्यामुळं मला माईकची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेले तर सगळ्या गावाला माहीत.

आज दुकान उघडलं. प्रकाशनं तुमच्या फोटोला हार घातला. तुमच्या गादीवर बसायला त्याला धीर होईना, म्हणून माई बसल्या. मी मागं माझ्या जागेवर. तुमचा खोकला कानात इतका बसला आहे की दोनदा मान वर करून बघितलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आपल्याच गावातले, वरच्या आळीचे म्हातारे मामा सुनेसाठी कळशी घ्यायला आले. माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "काय गं सुमन, तूच व्हय ती? माझं नाव घालायचंय, मला कैलासवासी करशील बरं का!"

दुकानातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मशीन बंद केलं, चिठ्ठी घेतली आणि उठून पुढं गेले. "मामा, मी वाचून दाखवते, तुमी ऐका," म्हणाले. "आन हयात हाय का न्हाई, ते तुमच्याच तोंडानं एकदा सांगा. मग घालते."

"हाय की गं! मला काय धाड भरलीय?" मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माईही हसल्या. अण्णा, तुम्ही असतात तर कळशी तिथंच सोडून आधी रस्त्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं असतंत की सुमन बोलली. तुम्हाला आभारी आहे असं मी कधी म्हणाले नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं, पण मी म्हणायला हवं होतं. आता लिहून ठेवते. मी तुमची फार आभारी आहे.

मामा गेल्यावर मी माईंपुढं पैसे ठेवले. प्रकाश मधे पडला, "काकी, अण्णांनी कधी घेतलं न्हाई, मी कसं घेऊ?"

"तू गप," माई म्हणाल्या. "ती तुला द्यायला आलेली न्हाई."

बोट ओलं करून त्यांनी एकेक नोट मोजली. घाई केली नाही. मोजून झाल्यावर परत एकदा मोजली, मग एक नोट काढून माझ्यापुढं धरली.

"बत्तीसशे म्हनली हुतीस. ह्ये तेहतीसशे हायेत."

"इतकी वर्षं झाली, माई, म्हणून एक जास्त..."

"जास्त कशाला? जेवढं हुतं तेवढं झालं."

मी ती नोट घेतली. माईंनी बाकीचे गल्ल्यात टाकले आणि गल्ला लावला. या वेळी ते कुणी परत करणार नाही, अण्णा. सगळे फिटले.